पैठणीखालचा पट्टा

"मस्क्युलर डिस्ट्रॉफी," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, औषधाचं नाव असंल. मग त्यांनी समजावलं, अंगातले स्नायू हळूहळू दुबळे होत जाणार, अन् ते थांबवणारं औषध नाय. माझी वंदना तेव्हा अकरावीला होती. जिना चढताना गुडघ्यावर हात टेकायची, अन् मी तिला आळशी म्हणायचे. जीभ झडो माझी.

तेविसाव्या वर्षी ती व्हीलचेअरमध्ये आली. बसल्या बसल्या तोल जायचा, म्हणून थेरपिस्ट मॅडमनी खुर्चीला दोन पट्टे लावून दिले. एक पेल्विक बेल्ट, म्हणजे खालचा. तो पोटावर नाय, मांडी कमरेला जिथं मिळते तिथं बसतो. दुसरा छातीचा. मॅडमनी बजावलं होतं, "लावताना आधी खालचा, सोडताना आधी वरचा. नुसता वरचा कधीच ठेवायचा नाही." मी मान डोलावली. का, ते विचारलं नाय.

घरी आलेली एक म्हातारी म्हणाली, "पोरीला बांधून ठेवलंय व्हय गं?" तेव्हापासून मला त्या पट्ट्यांची लाज वाटायला लागली. खरं तेच सांगते.

मग माझ्या भावाच्या मुलीचं लग्न आलं. वंदनाला पैठणी नेसायची हौस. मी अन् शेजारणीनं धरून नेसवली, खुर्चीत बसवली, तर खालचा पट्टा नेमका निऱ्यांवर येत होता. साडी चुरगळंल म्हणून मी तो लावलाच नाय.

"आई, नको ना. मी सरकते."

"गप गं, तासाभराचा तर प्रश्न हाय."

छातीचा पट्टा तेवढा ठेवला, अन् कुणाला दिसू नये म्हणून वरून पदर पसरला. रेशीम किती गुळगुळीत असतं, हे पैठणच्या इतक्या जवळ जन्म काढून मला कळू नये!

मंगलाष्टका चालू होत्या. अक्षता टाकून वळून पाहिलं तर वंदनाची मान खाली. भावजय म्हणाली, "दमली असंल, झोपू द्या." मीही अजून एक मंगलाष्टक उभी राहिले. ते एक मंगलाष्टक मला आजही झोपू देत नाय.

मग तिचे गुडघे दिसले. लई पुढं आले होते. मी धावत जाऊन पदर उचलला. पोर रेशमावरून खाली घसरली होती अन् छातीचा पट्टा गळ्याशी रुतला होता. ओठ निळे पडलेले. मी बकल दाबत होते, पण सगळा भार पट्ट्यावर, ते सुटेना. वाजंत्री वाजायला लागली. मी ओरडून भावाला हाका मारत होते. त्यानं येऊन तिला काखेतून वर उचललं, तेव्हा कुठं बकल सुटलं. तिनं श्वास ओढला तो आवाज मी शब्दात सांगू शकत नाय.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन मिनिटं गेली असती तर..." तीन दिवस मी तिच्या छातीकडं बघत बसले, वर-खाली होतीय ना.

घरी आणल्यावर खुर्ची मी माळ्यावर टाकली. तीन आठवडे तिला पलंगावरच ठेवलं. मॅडम घरी आल्या अन् जरा चिडूनच म्हणाल्या, "पट्ट्यानं नाही झालं, अर्ध्या पट्ट्यानं झालं. अशी झोपवून ठेवलीत तर छातीत कफ साठेल."

वंदना म्हणाली, "आई, मला बसव. तूच बसव."

मॅडमच्या मदतीनं खुर्ची माळ्यावरून उतरवली, पोरीला उचलून बसवलं. कंबर पार मागं टेकवली, खालचा पट्टा लावला, पट्ट्याखाली सपाट हात जेमतेम जाईल एवढा आवळला, मग वरचा. मॅडमनी दोनदा सोडून परत लावायला लावलं.

तुमच्या घरी अशी खुर्ची असंल तर लाजू नका, बायांनो. पट्टा साडीवरून लावा, दिसू द्या. जाड स्वेटर घातला की पट्टा परत तपासा. काही पट्ट्यांना बकलाऐवजी चर्रकन निघणारी चिकटपट्टी, वेल्क्रो असते; तिच्यात केस, दोरे अडकले की ती धरत नाय, कंगव्यानं साफ करा. कड उसवली, बकल कुरकुरलं, तर त्याच दिवशी दाखवा.

भीती माझी गेली नाय. स्वयंपाकघरातून मी घडीघडी हाक मारते, "वंदे!" ती म्हणते, "हाय!" एखाद्या दिवशी कार्टी मुद्दाम गप बसते. मी पिठाच्या हातानं पळत येते, तर ही खुर्चीत ताठ बसून हसतीय. एक ठेवून द्यावीशी वाटते. मग तिथंच तिच्या मांडीवर डोकं टेकवून मी रडते, अन् ती म्हणते, "आई, पोळी जळतीय."