"हे तुले कोणी सांगितलं?"

दोन जाणकारांना प्रत्येकी निम्मेच ठाऊक असेल, तर त्यांनी एकमेकांवर कितपत विश्वास ठेवावा? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, नागपूरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मी हाच प्रश्न घेऊन बसले होते. उत्तर मिळाले ते फोरमनकाकांकडून. वीज केंद्रातून निवृत्त झालेले काका सावनेरहून एस.टी.ने आमच्या प्रयोगशाळेत येत.

कोणतीही बातमी कानी आली की ते प्रथम विचारत, "हे तुले कोणी सांगितलं?" शिपायाने 'चहा झाला' म्हटले तरी सुटका नसे. "सोता पाह्यला का गा, का ऐकून आला?"

काकांचा अनुभव आम्ही नियमांच्या रूपाने दोन संगणकांत भरला होता. एकाला बॉयलरचे ज्ञान, दुसऱ्याला टर्बाइनचे, मधे केबल. आपापले तर्क एकमेकांना कळवून त्यांनी बिघाड ओळखायचा. शनिवारी प्राचार्य पाहायला येणार होते. प्रयोग फसला, तर दुसरा संगणक कार्यालयात टंकलेखनाला जाणार, हे ठरलेलेच होते.

गुरुवारी काकांनी परीक्षा घेतली. "बॉयलरले पाणी जास्त लागून राहिलं. सांगा, काहून?"

पहिल्या संगणकाला नळी फुटल्याची किंचित शंका आली. ती त्याने दुसऱ्याला कळवली. दुसऱ्याने तीच परत पाठवली. पाहता पाहता दोघांचीही खात्री पटली. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आमच्या केंद्रात असंच झालं होतं, तवा नळी शाबूत होती," काका म्हणाले. "टर्बाइनकडचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह उघडा राह्यला होता. मीच विसरलो होतो. बाई, या दुसऱ्यानं नळी पाह्यली का?"

"नाही. त्याला पहिल्याने कळवले."

"मंग पहिल्याले इतका भरोसा काहून आला?"

"दुसऱ्याने दुजोरा दिला म्हणून."

"म्हणजे लकडगंजात यानंच अफवा सोडली, ती इतवारीतून फिरून आली, अन् हाच भिऊन राहिला."

चूक माझ्या रचनेत होती. दोन दिवस खपून मी प्रत्येक तर्कासोबत त्याचा मूळ सांगणारा नोंदवला. स्वतःचेच बोलणे परत आले, तर ते पुरावा म्हणून धरायचे नाही, असा नियम केला. शनिवारी तोच बिघाड पुन्हा दिला, तेव्हा पहिल्याची शंका किंचितच राहिली. त्यामुळे दुसऱ्याने स्वतःचा प्रश्न विचारला: निचऱ्याचा व्हॉल्व्ह बंद आहे का?

प्राचार्य प्रसन्न झाले. "यंत्राला हे कोणी शिकवले?"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा, साहेबबी आता शिकून राहिले."

संगणक प्रयोगशाळेतच राहिला. काका आता नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत आले. वाचकांना एकच विनंती: एखादी गोष्ट दोघांकडून ऐकाल, तेव्हा दोघांनाही विचारा, ती त्यांना कोणी सांगितली. मी सांगते म्हणून मानू नका. स्वतः पडताळून पाहा.