टाकीत सोडलेला कंदील

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये माझ्यासोबत एक म्हातारा कामगार होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो कोलारच्या सोन्याच्या खाणीतून आलेला. इंग्रजांनी तिथे वीज आणली, बंगले बांधले; त्याचा बाप मात्र खाणीतल्या कोंदट हवेत गुदमरून गेला.

एका सकाळी मुकादमाने नवागाम वस्तीतल्या दोघा कामगारांना रंगाच्या गाळाची टाकी साफ करायला सांगितलं. म्हाताऱ्याने त्यांना अडवलं आणि पेटता कंदील दोरीने आत सोडला. तो अर्ध्यावरच विझला. म्हातारा टाकीच्या तोंडाशी मांडी घालून बसला.

मुकादम हसला. "काका, ही काय तुमची सोन्याची खाण आहे? उठा, शेठ येतील."

"येऊ दे. इंग्रज माणसं मारायचे ती सोन्यासाठी. तुम्ही गाळासाठी मारणार?"

ते दोघे त्याच्या शेजारी बसले. मग मीही बसलो. वर्षभर मी युनियनची पत्रकं वाटत होतो, पण कामगार असे एकत्र बसलेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दुपारी शेठने टाकीत हवा सोडायला मोठा पंखा पाठवला. तासाभराने कंदील तळापर्यंत जळत गेला. तेव्हा म्हाताऱ्याने लुंगी वर खोचली, त्या दोघांना मागे सारलं आणि पहिला स्वतः उतरला.