रपट्यापर्यंत आणि परत

जानेवारीतल्या एका शनिवारी मी माजरीहून निघाले ती पाच किलोमीटर पळण्यासाठी. जाऊन-येऊन प्रवास झाला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. हे गणित ऑफिसात कुणालाच पटलं नाही, म्हणून मी ते फारसं सांगितलंही नाही.

खाणीवर माझं काम मोजणीचं. किती माती हलवली, किती कोळसा निघाला, हे दुर्बिणीतून मोजायचं आणि नकाशावर उतरवायचं. सकाळी कॉलनीच्या रस्त्यावर मी पळते. तिथे सोबतीला तीन कुत्री आणि कोळशाची धूळ. आमच्या जीपचा ड्रायव्हर वासुदेव आलापल्लीकडचा. एकदा तो म्हणाला, "मॅडम, एकट्याच काऊन पळून राह्यल्या? आमच्या गावाले या. दर रईवारी पळते लोकं. पोरी, मास्तर, म्हाताऱ्या, सगळे. पैसे नाई, बक्षीस नाई."

"मग कशासाठी पळतात?"

"आता ते तुमीच त्याइले इचारा."

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: माजरीहून पॅसेंजरने चंद्रपूर, तिथून गोंडपिपरी-आष्टीमार्गे आलापल्लीची एस.टी. साडेचार तास धरून चाला. गोंडपिपरीला गाडी चहासाठी थांबते. तिथे पोह्यांवर चण्याची तर्री घालून देतात, ती चुकवू नका. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की मोबाईलची रेंज जाते आणि थोड्या वेळाने दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. नाक्यावर एक पोलीस गाडीत चढला. कुठे, कशाला, कुणाकडे, असं त्याने विचारलं. "पळायला" हे उत्तर मी दोनदा दिलं. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि तो उतरला.

आलापल्लीत बसस्टँडजवळ एक लॉज आहे. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीतून. पंखा बंदच ठेवा, जानेवारीत गोधडीसुद्धा कमी पडते. वासुदेवचं गाव तिथून सहा किलोमीटर. वासुदेवने निरोप दिला होता, त्यामुळे संध्याकाळी मडावी भाऊ स्वतः लुना घेऊन लॉजवर आले. साठीचे, बारीक, वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. ही धाव त्यांनीच सुरू केली.

"पोराइले भरतीसाठी पळाले लागे," ते म्हणाले. "एकटं एकटं रानात जात. मले ते बरं नाई वाटलं. मनलं, एकाच दिवशी, एकाच वेळी जाऊ सगळे."

"वाघ आहे का त्या रस्त्यावर?"

"आहे नं. त्याले रईवार मालूम आहे. बाजूले होते बिचारा."

एवढं बोलून ते हसले. मी हसले नाही, कारण ही थट्टा होती की माहिती, ते मला कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी सव्वासहाला मी गावाच्या तलावाच्या पाळीवर होते. धुकं इतकं की तलाव दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. पाण्यात कुणीतरी जाळं ओढत होतं. हळूहळू माणसं जमली. भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, शाळेचे मास्तर, लुगड्याचा काष्टा घट्ट केलेल्या चार बायका. त्यातल्या एकीने माझ्या हातातल्या जी.पी.एस. यंत्राकडे पाहून विचारलं, "बाई, हा रेडिओ आहे का?" मी म्हटलं, किती अंतर झालं ते यात कळतं. ती म्हणाली, "अंतर तं पाय सांगते!" आणि सगळ्या हसल्या.

मार्ग सोपा आहे. पाळीवरून जंगलाच्या कच्च्या रस्त्याने नाल्यावरच्या रपट्यापर्यंत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. रपटा म्हणजे पावसाळ्यात ज्याच्या वरून पाणी जातं तो बसका पूल. माझ्या यंत्रावर येऊन-जाऊन चार किलोमीटर नऊशे मीटर भरलं.

तिथली एक पद्धत मात्र मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. जंगलात जाताना माणसं मोजत नाहीत. एक, दोन, तीन असं माणसाकडे बोट करून म्हणणं तिथे वाईट समजतात. त्याऐवजी पाळीवर एक मातीचं गाडगं ठेवतात. निघताना प्रत्येकाने त्यात एक चिंचोका टाकायचा, परत आल्यावर एक काढायचा. खाणीत उतरताना कामगार बिल्ला टांगतात आणि वर आल्यावर काढतात, तशीच ही व्यवस्था. मला ती एकदम आवडली.

"मॅडम, तुमी मोजणीच्या मानूस, तुमीच धरा आज गाडगं," असं म्हणून भाऊंनी ते माझ्या हातात दिलं आणि ते सागाखालच्या शेंदरी दगडाला पाणी घालायला गेले.

मी गाडग्यात पाहिलं. तळाशी एक चिंचोका होता. गेल्या रविवारचा राहिला असावा. कोणतंही यंत्र वापरण्याआधी ते शून्यावर आहे का, हे पाहायचं, ही माझी सवय. मी गाडगं पालथं केलं, चिंचोका गवतात पडला. मग लोक एकेक करून आले आणि आपापला चिंचोका टाकत गेले. शेवटी मी माझा टाकला आणि गाडगं भाऊंना परत दिलं. भाऊ आता पळत नाहीत, गुडघे गेलेत.

पहिला अर्धा किलोमीटर सगळे एकत्र होते. नंतर धुक्यात पाठी दिसेनाशा झाल्या. सागाची पानं गळण्याचा तो काळ. ताटाएवढं वाळलेलं पान खाली येताना फांद्यांवर आपटत येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पाऊल टाकलं. असे आवाज दोन्ही बाजूंना सतत चालू होते. पक्षी एकही बोलत नव्हता. समोरून परत येणारे धुक्यातून अचानक उगवायचे, "चला बाई, चला!" म्हणून जायचे, आणि दहा पावलांत पुन्हा नाहीसे व्हायचे. मी माझ्या नेहमीच्या वेगाने पळत होते आणि तिथे तो वेग बऱ्यापैकी कमी ठरला. रपट्यावर पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. मी शेवटची होते.

परत फिरल्यावर दीडेकशे मीटरवर मला मागे पावलं ऐकू आली. पानांचा आवाज नव्हता तो. मातीच्या रस्त्यावर पडणारी, ठरलेल्या लयीतली पावलं होती. माझ्या मागे अजून कुणी आहे, एवढंच माझ्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. मी वळून पाहिलं. धुकं. मी वेग कमी केला, पावलांनीही केला. बुटाची नाडी बांधायला थांबले तेव्हा ती एक पाऊल उशिरा थांबली. "या पुढे," मी म्हटलं. उत्तर आलं नाही. मग मी जरा जोरात पळाले आणि थेट पाळीवरच थांबले. मागून कुणी आलं नाही. पाळीच्या अलीकडे एका टोल्याकडे, म्हणजे छोट्या वस्तीकडे, जाणारी पायवाट फुटते, तिकडे वळलं असेल, असं मी ठरवून टाकलं.

मी माझा चिंचोका काढला. भाऊंनी गाडगं कानाशी धरून हलवलं. आत एकच दाणा वाजला. "आले सगळे," ते म्हणाले, आणि लोक पांगले.

भाऊंच्या घरी पोपटाच्या शेंगा उकडल्या होत्या. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: पोपट म्हणजे वालाचा भाऊ. मीठ घालून उकडतात, सोलून खातात, थांबता येत नाही.) त्यांच्या पत्नी पार्वताबाई चुलीवर चहा ठेवत होत्या. ऊन वर आलं होतं. तीन-चार शेंगा सोलून झाल्यावर मी विचारलं, "भाऊ, शेवटी गाडग्यात एक कसा काय राहिला?"

"तो राह्यतेच. तो रानाचा."

"म्हणजे?"

"आपन पळतो तं रान बी पळते आपल्यासंगं. म्हनून पहिला त्याचा टाकतो मी. तो काही निंगत नाई. एक वाजला का समजाचं, मानसं घरी आली."

मी हातातली शेंग ताटात ठेवली. त्या क्षणी मला दोन गोष्टी करता येत होत्या. दुसरी कोणती, ते इथे लिहीत नाही, पण ती मनात आली होती.

"मी तो काढला होता," मी म्हटलं. "निघायच्या आधी. मला वाटलं, चुकून राहिलाय."

पार्वताबाईंचा चहा गाळणारा हात तसाच राहिला.  भाऊंनी चपला घातल्या. आम्ही पाळीवरून उतरून पन्नास मिनिटं झाली होती.

कोण राहिलं, ते कुणालाच सांगता येईना, कारण कुणी कुणाला मोजलंच नव्हतं. घरोघर विचारत तलावाच्या टोकाच्या घरापर्यंत गेलो, तेव्हा कळलं की सुनीता नाही. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, आई-वडील तलावात मासे धरणारे. पळून झालं की ती थेट त्यांच्या मदतीला जाळ्यावर जाते, म्हणून घरी कुणी वाट पाहत नव्हतं. आणि ती घरीच थांबली असेल, असं जाळ्यावरची माणसं समजत होती. तीन आठवड्यांवर तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. वयात बसण्याची ही शेवटची भरती.

भाऊंच्या लुनावर मी आणि मागे दोन सायकली, असे आम्ही निघालो. धुकं पूर्ण गेलं होतं. तोच रस्ता स्वच्छ उन्हात पाहणं मला जास्त जड गेलं. सकाळी मी थांबून नाडी बांधली होती ती जागा मी ओळखली. मातीत माझ्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. मागे दुसरे कुठले आहेत का, हे मी पाहिलं नाही. लुना चालू होती, हे कारण मला पुरलं.

सुनीता रपट्याखाली, नाल्यातल्या दगडांमध्ये बसलेली होती. उजवा पाय घोट्यापाशी सुजून काळानिळा झाला होता. रडत नव्हती. भाऊंना पाहून तिने पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "तुमी कसे आले?"

अहेरीच्या दवाखान्यात फोटो काढला. हाडाला चीर. सहा आठवडे प्लास्टर.

दुपारी तिच्या घरी गेले. तिच्या आईने माझ्यासाठी भात आणि झिंग्यांचं कालवण वाढलं होतं. "ह्या बाईच्या ध्यानात आलं म्हनून पोरगी घावली," असं ती शेजारणीला सांगत होती. भाऊंनी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. ते दारात विडी ओढत उभे होते आणि माझ्याकडे पाहतही नव्हते. ते पाहत नव्हते, म्हणूनच मला ते जेवण संपवता येईना. आई पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मी खाटेजवळ बसले आणि सुनीताला जे झालं ते क्रमाने सांगितलं.

"मले मालूम आहे," ती म्हणाली. "तुमी गाडगं पालथं केलं तवा मी बाजूलेच उभी होती. मले वाटलं, भाऊनंच सांगतलं असंल तुमाले."

"मग तिथे बसल्यावर..."

"बसल्यावर समजलं नं. माहा एक वाजन आन् सगळे मनतीन, झालं." ती प्लास्टरच्या कडेचा धागा ओढत होती. "मंग वाट पाहनं सोडून देल्लं मी."

मी विचारलं, मी रपट्यावर आले तेव्हा हाक का नाही मारली?

"लघवीले खाली उतरली आन् पाय सटकला. कंबरंवर पडली, दम कोंडला, आवाजच निंगे ना. तुमी फिरल्या ते ऐकलं. मंग मनलं, जाऊ द्या, तुमच्या मागून दुसरी येऊन राह्यली, तिले हाक मारू. तिचे पाय ऐकू येत होते. माह्या डोक्यावरूनच गेली ते रपट्यावरून. म्या हाक मारली तिले. थांबली नाई."



"मंग ते येत जात राह्यली," सुनीता म्हणाली. "इकून तिकडं, तिकून इकडं. तुमी लोकं येईपर्यंत. कोन होती ते?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. तेच खरं होतं.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघाले. बसस्टँडवर भाऊ आले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "चूक तुमी केली, पन आमी बी कधी सांगतलं नाई कोनाले. आमाले वाटते, सगळ्याइले मालूमच असते." गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "रईवार बंद नाई होनार, बरं का."

या गोष्टीला आता तीन महिने झाले. यंत्रातली त्या दिवसाची नोंद मी संगणकावर उतरवून पाहिली. त्यात माझा रस्ता आहे आणि मी थांबले तो ठिपका आहे. त्यात आणखी काही सापडणार नव्हतं, कारण ते यंत्र माझ्याच हातात होतं. पानांचा आवाज, उताराचा प्रतिध्वनी, वेदनेने झालेला भास, ही सगळी स्पष्टीकरणं मी लिहून काढली. त्यातलं एकेक ठीक आहे. आम्हा दोघींचं ऐकलेलं एकत्र ठेवलं की एकही पुरत नाही.

भरती होऊन गेली. सुनीता गेली नाही, जाणं शक्यच नव्हतं. मी काही करू शकते का, असं मी पत्र टाकून विचारलं होतं. उत्तर आलं नाही. गेल्या आठवड्यात एस.टी.डी. बूथवरून गावच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने भाऊंना बोलावून आणलं.

"सुनीता कशी आहे?"

"पाय बसला. पळते आता."

"रविवारी येते?"

"येते नं. पन सगळ्याइच्या मागं राह्यते. कितीबी हळू कोनी पळो, ते त्याच्याबी मागं. मानूस पाळीवर चढला का मंगच ते चढते. कोनी सांगतलं नाई तिले." लाइनवर थोडा वेळ खरखर झाली. "तुमी कधी येता?"

बघते, असं मी म्हटलं.

तुम्ही जरूर जा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, रस्ता सोपा आहे, माणसं चांगली आहेत, एकही पैसा घेत नाहीत. मला विचाराल तर माझी रजा शिल्लक आहे आणि बूट दारातच आहेत. पण मी त्या रस्त्याने पळेन तेव्हा नक्कीच शेवटची असेन. माझ्या मागे पावलं येतील. ती सुनीताची आहेत, हे मला माहीत असेल, आणि तरीही मला वळून तिच्याकडे पाहावं लागेल. रजेचा अर्ज अजून भरलेला नाही.