म्हसवडचा बिनजहाजाचा अधिकारी

माझ्या आतेभावाइतका कायम तयारीत असलेला माणूस अख्ख्या माण तालुक्यात सापडणार नाही, आणि त्याच्याइतका घरी बसून राहिलेलाही. म्हसवडसारख्या कोरड्या गावात जन्मून हा पठ्ठ्या समुद्रावर गेला. गॅस वाहून नेणाऱ्या जहाजावर दीड वर्ष कॅडेट म्हणून राबला, परीक्षा पास झाला आणि थर्ड ऑफिसरचं, म्हणजे जहाजावरच्या सर्वांत धाकट्या अधिकाऱ्याचं, प्रमाणपत्र घेऊन घरी आला. आता कुठल्या तरी कंपनीनं त्या जागेवर घ्यायचं तेवढं उरलं होतं. पण जी ती कंपनी विचारायची, थर्ड ऑफिसर म्हणून आधी काम केलंय का? आधीचं ते काम कुठं करून यायचं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. यात तीन वर्षं गेली.

रोज सकाळी दहाला दाढी करून, गणवेशाचा पांढरा शर्ट घालून तो एजंटांना फोन लावायचा. “अरे, फोनवर त्यांना शर्ट दिसतोय होय?” मी एकदा म्हणालो. “मला दिसतोय की, दादा,” तो म्हणाला, आणि पुढचा नंबर लावला. घरातल्या सिलिंडरवर त्याची जहाजावर असल्यासारखी करडी नजर. नळीला साबणाचा फेस लावून तपासणी, खिडक्या उघड्या, मग भिंतीवरच्या कागदावर आत्याची सही, आणि मगच चहा. “करती बाबा सही,” आत्या म्हणायची, “न्हाईतर शेगडीला हात लावू देत न्हाई ह्यो.”

माधवनगरला माझ्या बहिणीच्या लग्नात गॅसचा वास येतोय म्हणत यानं आचाऱ्याच्या सगळ्या शेगड्या बंद केल्या आणि वऱ्हाड उन्हात उभं केलं. मी त्याला नाही नाही ते बोललो. मग आचाऱ्यालाच चिरलेली नळी सापडली. एक निवृत्त सुभेदार पाहुणे त्याची पाठ थोपटत म्हणाले, “शाबास गड्या. सुट्टी कवा संपतीया?” आमच्याकडं घरोघरी फौजी, त्यामुळं गावी दिसलेल्या माणसाला हे विचारायची रीतच आहे. “फुडच्या आठवड्यात,” तो म्हणाला, आणि न जेवताच मोटारसायकल काढून निघून गेला. त्या दिवशी मी बोललो ते अजून मला खातं.

गेल्या महिन्यात तो बॅग घेऊन माझ्या दारात उभा राहिला. जहाज मिळालं होतं, गॅसचंच. पण खलाशी म्हणून.

“प्रमाणपत्र अधिकाऱ्याचं, आणि तू डेक घासणार?”

“जहाजावर तरी आसंन, दादा. आईला सांगू नगंस.”

मी त्याला सांगली स्टेशनवर सोडलं.

आठवड्यानं आत्याचा फोन आला. “गल्लीत पेढं वाटलं रं. सायेब झाल्याचा त्याचा एक फोटू धाड की, फ्रेम करून घिती.”

फोटो माझ्याकडं त्याच दिवशी आला होता. अंगात मळका डगला, हातात लांब दांड्याचा ब्रश, पायाशी रंगाचा डबा. आणि तो हसत होता. तीन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी ब्रश कापला, डबा कापला, डगलाही कापला. उरला तेवढा चेहरा आत्याला पाठवून दिला.