अविनाशचं यीस्ट

सकाळपासून मी स्वयंपाकघरातल्या बियरच्या पिंपाकडे बघत बसलोय. झाकणावरच्या नळीतल्या पाण्यात एव्हाना बुडबुडे यायला हवे होते. एकही येत नाही. परवा घातलेलं यीस्ट मेलेलंच होतं.

ते अविनाशचं होतं. घरी बियर करणारे आम्ही चौघं मित्र, यीस्ट मात्र एकच. शेजारून विरजण आणावं तसं एकमेकांकडून वाटीभर न्यायचो. अविनाश वारला तेव्हा त्याच्या बायकोने फ्रीजमधली बरणी आम्हाला दिली. आम्ही तिघांनी तिच्यातलं यीस्ट वाटून घेतलं.

मघाशी नितीनला फोन केला. "माझं कधीच खराब झालं रे. तुझ्याकडे आहे म्हणून निर्धास्त होतो," तो म्हणाला. मीनलनेही तेच सांगितलं.

यीस्ट नुसतं ठेवून जगत नाही, त्याला अधूनमधून खायला घालून कामाला लावावं लागतं. हे अविनाशनेच शिकवलं होतं. पण त्याची शेवटची वस्तू म्हणून आमचा हातच धजावला नाही. त्यालाच आम्ही जपणं म्हणत राहिलो.

दुकानातलं पाकीट घातलं तर उद्या बुडबुडे येतील, बियरही होईल. अविनाशची कशी लागायची, हे ताडून बघायला मात्र आता कुणाकडे घोटभरही उरलेली नाही.