ताईचा होकार

हे आजवर मी कोणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हांला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या मेडशीचे नाही, ताईला ओळखत नाही. एवढीच माझी हिंमत.

ताई म्हणजे मंदाताई, माझी सख्खी मोठी बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. गाव तिला ‘मुकी’ म्हणतं. शाळेत तिला कोणी घातलं नाही. लहानपणी आम्ही दोघं म्हशींमागं हिंडायचो, तेव्हा आमची हातांची एक भाषा तयार झाली. आई-वडिलांना त्यातलं ये, जा, जेव एवढंच कळायचं. बाकी सगळं — तिचं दुखणं, तिचा राग, तिच्या चहाड्यासुद्धा — माझ्या तोंडून लोकांपर्यंत जायचं. मी सांगेन ते तिचं बोलणं. कोणाला कधी शंका आली नाही. का यावी?

आई-वडील गेले, माझं लग्न झालं, लेकरं झाली. बायको आणि मी दिवसभर वावरात. घर, म्हशी, लेकरं — सगळं ताईवर. धाकटी पोरगी तर तिच्याच अंगाखांद्यावर वाढली.

मग मामांनी एक स्थळ आणलं. शेलूबाजारचा माणूस, पिठाची गिरणी होती त्याची. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एका लग्नात पंगत वाढताना त्यानं ताईला पाहिलं होतं. तो घरी आला तेव्हा मामांनी चाचरत तिच्या ऐकण्याचं काढलं, तर तो हसला.

“गिरणीत मलेच कुठं आयकू येते? दिवसभर हातानंच बोलतो मी. पण त्याहिले इचारा. त्याहिची मर्जी असंन तरच.”

तिला विचारा — असं आमच्या घरात त्याआधी कोणी म्हटलं होतं का?

बायको चहा घेऊन ओसरीत आली आणि मी आत गेलो. ताई चुलीपाशी उभी होती, नवं पातळ नेसून. मी खुणांनी विचारलं. तिनं मला पुन्हा विचारायला लावलं — खरंच? मग दाराआडून एकदा त्याच्याकडं पाहिलं, तळहात छातीवर ठेवला आणि मान डोलावली. लाजली. माझी ताई लाजते हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

स्वयंपाकघरातून ओसरीत यायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात मला म्हशी दिसल्या, लेकरं दिसली, विझलेली चूल दिसली. बाहेर येऊन मी म्हणालो, “नाही म्हणते ताई.”

मामा चुकचुकले. तो माणूस “बरं. त्याहिची मर्जी,” म्हणाला आणि चहा संपवून उठला.

एवढ्यावर थांबलो असतो तर — पण ताई आत वाट पाहत होती ना. तिलाही काहीतरी सांगायला हवं होतं. मी माझ्या कानाला बोट लावलं आणि हात झटकला. तुझ्या कानामुळं. त्यांना नको. आमच्या भाषेत कानाची खूण तोवर नव्हतीच. आम्हा दोघांना कधी लागली नव्हती. ती मी त्या दिवशी आणली.

ती रडली नाही. पातळ बदललं आणि भाकरी थापायला बसली. त्यानंतर लग्नाकार्याला जाणं तिनं सोडलं. पाहुणे आले की मागच्या दारानं गोठ्यात जाते. लोक म्हणतात, तिला माणसं आवडत नाहीत. मीही तसंच सांगतो.

धाकटी आता कॉलेजात आहे. ताईची भाषा तिला माझ्याहून चांगली येते. परवा दोघी अंगणात तूर पाखडत होत्या, हातांनी त्यांचं काहीबाही चाललं होतं. मी वावरातून आलो, तशी पोरगी माझ्याकडं वळली.

“बाबा, आत्या सांगून राह्यली का तिच्या कानापायी तिले पाहुण्यानं नाही म्हटलं होतं. कसे लोक असतेत ना!”

“हो,” मी म्हणालो.

ताई समोरच बसली होती. माझे ओठ हलले तेवढे तिनं पाहिले, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.