बाराव्या चेंडूसाठी थांबलेली गिरणी

सापगावच्या जगनचं एकच रडगाणं होतं: रेश्माच्या गिरणीनं माझं वाटोळं केलं. रेश्मा त्याची बायको. घराच्या पडवीत तिची भाताची गिरणी, आणि भिंतीपलीकडं याचा डब्बा टीव्ही नि जुना व्हिडिओ गेम. त्यात एकच कॅसेट, बोलिंगची. लांब गुळगुळीत पट्टीवरून जड चेंडू सोडायचा आणि टोकाला उभ्या दहा पिना पाडायच्या. सगळं अगदी खऱ्यासारखं. रिमोटचं बटण जरा लवकर सुटलं तरी चेंडू भरकटतो.

लागोपाठ बारा वेळा दहाच्या दहा पाडल्या की तीनशे गुण. त्याच्या वर काही नाही. जगनला ते तीनशे हवे होते. पण त्याच्या कारखान्याला सुट्टी रविवारी, आणि गिरणीला गर्दीही रविवारीच. डाव रंगात आला की पलीकडं मोटार सुरू होणार, बल्ब मंदावणार आणि गेम पुन्हा पहिल्यापासून. रेश्मानं इन्व्हर्टर आणून दिला, तर तो लागेपर्यंतच्या क्षणात गेम गेलेला. मग जगनचा थयथयाट. मला संताप यायचा. बायको कोंड्यात राबते आणि हा घोडा पिना पाडतो!

गेल्या रविवारी मी भात घेऊन रांगेत होतो. रेश्माचा हात मोटारीच्या खटक्यावर, तेवढ्यात आतून ओरडा आला, "थांब गो! अकरा झालं!"

रेश्मानं हात काढला. "थांबा जरा, भावोजी," ती मला म्हणाली. "आज होऊन जाऊ दे यांचं. नायतर मरेपर्यंत माझ्या नावानं रडतील."

मी चरफडत गोणी टेकवली आणि दारात गेलो. मागून सगळी रांग आली. रांगेतल्या हौसामावशीनं तर तोंडाला पदर लावला.

जगननं चेंडू सोडला. तो वळत वळत मधोमध गेला. पिना धडाधड पडल्या. कोपऱ्यातली एक डुलली, पुन्हा डुलली आणि उभी राहिली.

जगननं आधी वर बल्बकडं पाहिलं. बल्ब लख्ख जळत होता. मग रेश्माकडं पाहिलं. इतकी वर्षं त्याच्यावर चिडणारा मी, पण मलाच कसंसं झालं.

"आजून एकदा खेळा," रेश्मा म्हणाली. "थांबतो आमी."

"नको, नको," तो घाईघाईनं म्हणाला. "टाक तू मोटार. लोक खोळंबलेत."